भांडी झाका

कल्याणात दर वैशाखात आमच्या घराची कौलं पावसाआधी एकच गडी परतून द्यायचा. वर चढण्याआधी त्याची हाक ठरलेली, "वैनी, भांडी झाका, माती पडंल!"

पुढे प्लेग आला. आजारी माणसाला छावणीत न्यायचं, घर रिकामं करायचं आणि आत ऊन जावं म्हणून कौलं उतरवायची, एवढंच सरकारला सुचलं. त्या कामावर घेतलं याच गड्याला. रिकाम्या घरांवर चढतानाही तो हाक मारी. शिपाई हसत, "अरे, आत आहे कोण?"

"सवय हाय, साहेब."

मग त्याच्याच बायकोला नेलं. स्वतःच्या घरावर तो मुकाट चढला. रस्त्यावरून त्याच्या दारातून मला आत दिसलं, पहिलं कौल निघताच ऊन चुलीवरच्या उघड्या मडक्यावर पडलं. तो वरून बघत राहिला. कालवणात माती पडली होती.