पिंजऱ्यात आज काय लावायचं?

गावी श्रीवर्धनला कुणी विचारलं, "सौदीत काय काम करतोस?" की मी सांगतो, "जनावरांना जेवायला घालतो." खोटं नाही ते. जेद्दाच्या एका पेस्ट कंट्रोल कंपनीत मी सुपरवायझर आहे, आणि आमची टीम जनावरं जिवंत पकडते. पिंजरा सगळ्यांकडे सारखाच असतो हो. खरा प्रश्न असतो, आत काय लावायचं? या एका प्रश्नापायी इतके किस्से जमलेत की चहाला बसलो की उठायचं नाव नाही!

टीम म्हणजे आम्ही तिघं. मी मुनीर. गाडी चालवणारे आणि पिंजरे लावणारे सादिकभाई, मुरूडचे. आणि टेक्निकल ऑफिसर गौरी मॅडम. कोल्हापूरच्या, झूलॉजीत एम.एस्सी. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे इकडे आल्या आणि घरात बसून कंटाळल्या म्हणून आमच्यात आल्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या आईचा फोन आला. मॅडमच्या एका हातात सार्डिनचा डबा, दुसऱ्या हातात चमचा. फोन स्पीकरवर.

"काय करतीयास गं?"

"मांजरासाठी मासे मिसळतीय, आई."

पलीकडून, "एवढं शिकून?"

* * *

त्या सार्डिनचा किस्सा बलदमधला. जुन्या जेद्दातल्या त्या गल्ल्यांत एक छोटं हॉटेल आहे. मालकाची तक्रार अशी, की स्टोअररूममध्ये रोज कुणीतरी पिशव्या फाडतं. आम्ही सार्डिन लावून पिंजरा ठेवला. सकाळी आत एक तांबडी मांजर! नेली, दूर बंदराच्या बाजूला सोडली.

दोन दिवसांनी परत तीच. कान तुटका, त्यामुळे ओळख पक्की. या वेळी अजून लांब सोडली. आठवड्याने पुन्हा हजर! आणि पिंजऱ्यात घाबरून बसलेली नाही. सार्डिन संपवून, पाय चाटत, आमची वाट बघत बसलेली.

सादिकभाई म्हणाले, "मॅडम, ही अडकत नाय. ही मेसला येते!"

मालक हसत सुटला. तांबडी आता तिथेच राहते आणि उंदीर तीच बघते. सौदीत परक्या माणसाला कफील, म्हणजे जामीनदार मालक लागतो, आणि इकामा, म्हणजे राहायचा परवाना. मॅडमनी त्याला सांगितलं, "आता तुम्हीच हिचे कफील. इकामा तेवढा काढा!"

* * *

ताइफचं काम आलं की आम्ही खूश. वर घाटात थंड हवा आणि गुलाबाचे मळे. पण त्या मळ्यांत बबून माकडं उतरतात. एका मळेवाल्याने आम्हाला बोलावलं. कळ्या खातात, पाण्याचे पाइप उपटतात, रखवालदाराला दगड मारतात, अशी त्याची तक्रार. रीतसर परवानगी काढून आम्ही मोठा पिंजरा लावला. आत केळी.

माकडं आली. त्यांतला एक नर, खांद्यावर रुपेरी आयाळ, लांब बसून नुसता बघत होता. बाकीच्यांनी जाळीतून हात घालून केळी बाहेर काढली. मॅडम म्हणाल्या, "केळी मधोमध टांगू." टांगली. तेव्हा तो नर उठला, सावकाश चालत आला आणि त्याने अख्खा पिंजरा कलंडवला! केळी पडली, जाळीला लागली. झालं काम!

आम्ही तोंड उघडं टाकून बघत होतो. तेवढ्यात मागे आवाज आला. वळून बघतो तर दोन माकडं आमच्या गाडीत, सादिकभाईंच्या डब्यावर बसलेली. तांदळाची भाकरी खाल्ली. मग सुक्या बोंबलाची चटणी उचलली, हुंगली, एकमेकांकडे बघितलं आणि खिडकीबाहेर फेकून दिली!

सादिकभाई लालबुंद. "भाकरी खाल्ली त्याचं काय नाय. पण बोंबील टाकला!"

ताइफ ते जेद्दा, पूर्ण घाट उतरेपर्यंत ते आमच्याशी बोलले नाहीत.

* * *

त्याच भागात एक कोंबडीवाला आहे. त्याची अंडी एक पांढऱ्या शेपटीचं मुंगूस पळवायचं. मुंगसाला काय लावणार? अंडीच! पण पठ्ठ्या इतका हुशार, की दाराजवळचं अंडं हळूच बाहेर ओढायचा. मग दगडाकडे पाठ करून दोन पायांच्या मधून ते मागे फेकायचा. फाट! अंडं फुटलं की चाटून पसार. आत जायची गरजच काय?

हे बघून मॅडम इतक्या हरखल्या, की पकडायचं विसरून व्हिडिओ काढत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "उकडलेली लावली तर?"

मगरिबच्या सुमारास, दिवस मावळताना, मुंगूस आलं. दाराजवळचं अंडं ओढलं, फेकलं. ठप्प! फुटेना. परत फेकलं. परत ठप्प. त्याने ते अंडं उलटंसुलटं करून बघितलं, आणि चरफडत दुसरं आणायला थेट पिंजऱ्यात आत गेलं. खलास! दार पडलं.

त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. आत ते दुसरं अंडं जाळीवर आपटत बसलं होतं. मॅडमना शेवटी राहवलं नाही. त्यांनी एक कच्चं अंडं फोडून वाटीत घालून आत सरकवलं. "इतका प्रयत्न केलाय बिचाऱ्यानं!"

* * *

आणि आता रकून. हे अमेरिकेतलं जनावर. सौदीत त्याचं काय काम? पण जेद्दाच्या एका व्हिलातून फोन आला. त्या घरच्या मुलाने हौसेने रकून पाळला होता. कुठून आणला, ते आम्ही विचारलं नाही. तो सुटला आणि एसीच्या फॉल्स सीलिंगमध्ये जाऊन बसला. शेजारी विष घालीन म्हणून धमकावत होता, आणि घरातली सहा-सात वर्षांची मुलगी रडून रडून थकली होती.

घरात तिचे आजोबा होते. साखरेच्या दुखण्यामुळे सुनेने त्यांचा चहासुद्धा फिका केलेला. रकूनवर सगळ्यांत जास्त तेच चिडलेले. स्वयंपाकघरातल्या डब्यातून रोज मामूल गायब व्हायचे. मामूल म्हणजे खजूर भरलेली इथली बिस्किटं. आजोबा काठी आपटून छताकडे बोट दाखवायचे, "हरामी! हरामी!"

गौरी मॅडम दचकल्या. "शिव्या का देताहेत?"

"शिवी नाय मॅडम," सादिकभाई म्हणाले, "अरबीत हरामी म्हणजे चोर."

आम्ही आधी अंगणात मासे लावले. गल्लीतली मांजरं अडकली. मग मॅडमना आठवलं, मांजराला गोड चव कळतच नाही! मासे बंद, मामूल सुरू. मांजरं खरंच फिरकली नाहीत. पण रकूनचे पुढचे पंजे म्हणजे माणसाचे हातच. त्याने बाहेरूनच जाळीतून बोटं घालून मामूल काढले, आणि पाण्याच्या बादलीत बुडवून बुडवून खाल्ले. शेवटी आम्ही पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी प्लायवूड लावलं, मामूल अगदी मागच्या टोकाला तारेने बांधला, आणि रकून सापडला.

वन्यजीववाल्यांची गाडी आली. नातीने त्याला जाळीतूनच टाटा केला. आजोबा म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह! आता घर सुरक्षित."

चार दिवसांनी सुनेचा फोन. आवाज कापरा. "पिंजरा घेऊन या. अजून एक आहे! डबा परत रिकामा!"

यल्ला, निघालो. छत बघितलं, डक्ट बघितले. विष्ठा नाही, केस नाही, पंजाचा एक ठसा नाही. मॅडमची उत्सुकता शिगेला. "जोडी आणली होती का हो?" सून शपथेवर नाही म्हणाली. आजोबा मात्र ठाम, "आहे! मी त्याचा आवाज ऐकला!"

शेवटी आम्ही स्वयंपाकघरातच पिंजरा ठेवला. मागच्या टोकाला ताजा मामूल.

सकाळी गेलो, तर पिंजऱ्याचं दार पडलेलं. मामूल गायब. आत कुणी नाही.

मॅडम गुडघ्यावर बसून दाराच्या स्प्रिंगकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच मान वर केली. समोर खुर्चीत आजोबा बसले होते. उजव्या हाताच्या बोटांना फडकं गुंडाळलेलं. डाव्या हाताने फिका चहा पीत होते, आणि छताकडे बघत होते.



सादिकभाईंनी पिंजरा उचलला, मॅडमच्या जवळ सरकले आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, ह्यांना कुठं सोडायचं?"