कपारीवर सासूबाई

अमूद शाळेत माझा विद्यार्थी होता तेव्हाही त्याचं उत्तर ऐकायला मला त्याच्याजवळ जाऊन वाकावं लागे. पुढे तो वाटाड्या झाला. वाळवंटातल्या आमच्या जानेत गावाजवळच्या राष्ट्रीय उद्यानातल्या घळीतून पाहुण्यांना डोहापर्यंत नेऊ लागला. त्याच घळीत शेळ्या राखणाऱ्या फादीमाताबाईंची मुलगी त्याने केली.

आम्हा तुआरेगांत जावई सासूसमोर डोक्यावरून तोंडावर गुंडाळलेला फेटा खाली करत नाही, काही खातपीत नाही, आवाजही चढवत नाही. हल्लीचे जावई यातून सूट घेतात. अमूदने कधी घेतली नाही. बाई लांबून दिसल्या तरी फेटा नाकावर चढायचा.

एकदा तो दूरच्या ओरान शहरातल्या नूरेद्दीन मिठाईवाल्याला डोह दाखवून परतत होता. दूर कुठेतरी डोंगरावर पडलेला पाऊस लोंढा होऊन घळीत घुसला. कण्हेरी आडव्या झाल्या. दोघं धडपडत एका कपारीवर चढले, तर तिथे फादीमाताबाई आधीच बसलेल्या, मांडीवर करडू.

पाठीशी ताठ कडा, वर आभाळाची पट्टी, खाली चढतं पाणी. पाय लांब करायलाही जागा नाही. अमूद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"पाहुण्या, तुमच्या वाटाड्याला विचारा, पाणी इथवर येतं का?"

"अहो बाई, तो तुमच्या हातभर अंतरावर आहे!"

"म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

अमूदने भिंतीकडे बघतच होकारार्थी मान हलवली.

ऊन कड्यावरून सरकलं. पाणी कपारीच्या काठाला लागलं. तेवढ्यात वरून हाक आली. अमूदचा मामेभाऊ इलियास गाडी उंचावर लावून कड्याकडेने शोधत निघाला होता. नूरेद्दीन घसा बसेपर्यंत ओरडला. लोंढ्याच्या आवाजात ते वर पोचेना. इलियासच्या हाका पुढे पुढे जाऊ लागल्या. तो एकदा पलीकडच्या घळीकडे वळला की संपलंच.

"अरे बाबा, तोंडावरचं फडकं काढ आणि बोंब मार!" नूरेद्दीन घोगऱ्या आवाजात म्हणाला.

अमूद फेट्याआडून ओरडला. ते त्याचं त्यालाच ऐकू गेलं असेल.

बाईंनी शाल डोक्यावरून पार खाली ओढली. "पाहुण्या, सांगा त्याला, मी आंधळी झाले, बहिरी झाले."

अमूदचा हात फेट्याकडे गेला. बोटं कापडात रुतली आणि तिथेच थांबली. हाक आणखी लांब गेली.

मग शालीच्या आतून आवाज उठला. आमच्या बायका लग्नात जीभ हलवून जो उंच, थरथरता किलकार करतात, तो. जावयासमोर कुठली सासू असा आवाज काढेल! घळीच्या दोन्ही भिंतींनी तो उचलून वर नेला.

कड्यावरून इलियासचं डोकं डोकावलं. "काय रे अमूद, दुसरं लग्न लावतोयस की काय? नवरी कुठाय?"

"पाहुण्या, त्या आगाऊ माणसाला म्हणावं, दोर टाक."

आधी बाई वर गेल्या, करडासकट. कमरेला दोर नूरेद्दीनने बांधला.

गाव म्हणतं, बाईंनी तिघांना वाचवलं. अमूदला विचारलं, तर तो मान खाली घालतो. मी अजूनही वाकूनच ऐकतो: "गुरुजी, माझ्यापायी त्यांना ओरडावं लागलं."