तेवीस जणांचा स्वयंपाक

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो न ऐकताच गेला, सुटला. नातवंडांना तर नाहीच. त्यांच्या लेखी आजी म्हणजे चोरून गूळ खाणारी, पत्त्यांत फसवणारी गमतीची बाई. फसवण्यात मी पहिल्यापासून हुशार, एवढं त्यांचं बरोबर आहे.

तुम्हाला सांगते. बसा.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं आमच्याकडे पाठ फिरवली होती. मी लोहा गावची, नांदेडला पाण्याचे पंप विकणाऱ्या एका ऑफिसात टायपिस्ट. दुष्काळात पंपाला मरण नसतं. लोक बोअर पाडत होते, पाणी खाली खाली जात होतं आणि आमचा धंदा वर. मग शेठनी ठरवलं — ज्या दुकानदारांनी टार्गेट गाठलं, त्यांना समुद्रकाठी न्यायचं. दोन दिवस संमेलन, दोन दिवस सहल. जुनं बंदर असलेलं एखादं नामी शहर शोधा, म्हणाले. काम माझ्याकडे.

काय ऐट होती माझी. कोची, पाँडिचेरी, सुरत — हॉटेलांची रंगीत पत्रकं पसरून बसायची. ऑफिसच्या रांजणात दोन घागरी पाणी, माझ्या टेबलावर तीन समुद्र. खरं तर गोदावरीपलीकडे मी पाणी पाहिलेलं नव्हतं, आणि तीही त्या वर्षी नुसती डबकी. तरी गंभीर तोंडानं म्हणायची, "इथून धक्का जरा लांब पडतो." धक्का म्हणजे बोटी लागायची जागा, हे आदल्याच दिवशी शिपायाला विचारून घेतलं होतं.

कोची ठरलं. आता कुणीतरी जाऊन जागा बघून यायला हवं. मी मनातल्या मनात मोरपंखी साडी काढून ठेवली. शेठनी पाठवलं मंगलला.

मंगल लातूरच्या नव्या शाखेतली. उदगीरची, लिंगायत घरातली. त्या घरात नोकरी करणारी पहिलीच मुलगी. तिचे आप्पा उदगीरला आमचेच पंप विकायचे. तिलाच का पाठवलं? तर तिला कानडी येतं. केरळात कानडी कोण बोलतं? पण आमच्या शेठच्या हिशेबी उदगीर ओलांडलं की पुढं सगळं कानडीच. यावर हसायला हवं होतं की नाही? मी जळून राहिले होते.

मंगल मॅनेजर आणि त्यांच्या बायकोबरोबर जाऊन आली. मसाल्याच्या जुन्या वखारीचं केलेलं हॉटेल तिनं निवडलं होतं — हातभर जाड भिंती, सभेला गार दालन, खिडकीखाली बोटी. आणि आणखी एक. आमचे कितीतरी दुकानदार गळ्यातलं लिंग हातात घेऊन पूजा केल्याशिवाय घास न घेणारे. मासे शिजतात त्या स्वयंपाकघरातलं पाणीही त्यांना चालायचं नाही. मंगलनं तिथं उभं राहून वेगळी चूल, वेगळा आचारी कबूल करून घेतला. हॉटेलवाले पत्र लिहून अशा जेवणाऱ्यांचा आकडा विचारतील, आकडा कळला की आचारी बोलावतील.

मला हे सुचलं असतं? मी फक्त कुठल्या खिडकीतून समुद्र दिसतो ते बघत बसले होते. खरं झोंबलं ते हेच.

वर तिनं मला तेलाच्या रिकाम्या बाटलीत समुद्राचं पाणी भरून आणलं. "ताई, तुम्ही समुद्र पाहिला न्हाई म्हणला होता ना," म्हणाली. मी बोट बुडवून चाखलं, छान म्हणाले, आणि ती गेल्यावर दारातल्या तुळशीच्या कुंडीत ओतलं. तुळस वाळली. लोक म्हणाले, दुष्काळ.

पत्र आलं. टपाल फोडायचं काम माझंच. चार ओळी इंग्रजीत. मी घडी घातली, डब्याच्या पिशवीत टाकली, घरी नेली. एवढं सोपं होतं ते.

मंगलचा लातूरहून फोन — "ताई, कोचीचं पत्र आलं का?"

"न्हाई बा."

"मग मी तार करू का? आकडा तर कळवावा लागंल."

"मी केलीय कधीच. तू कशाला जीव टांगून राहिलीस?"

जरा फजिती व्हावी, इतकंच मनात होतं — असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे. तिची नोकरी जावी असंच मला वाटत होतं.

कोचीला काय झालं ते परतलेल्यांनी सांगितलं. चूल नाही, आचारी नाही. म्हातारे दुकानदार दोन दिवस केळी आणि शहाळ्यांवर राहिले. पंगतीत बसलेल्यांसमोर कुणीतरी आप्पांना म्हणालं, "काय आप्पा, लेकीनं उपास घडवला की."

मग नांदेडला शेठच्या खोलीत बोलावणं. मी वही घेऊन कोपऱ्यात, लिहून घ्यायला. शेठ रागावलेसुद्धा नाहीत फार. आप्पाच उठले. टोपी हातात. म्हणाले, "चूक आमच्या पोरीची हाय. उद्यापासून ती येणार न्हाई."

मंगल रडली नाही. शेठकडं बघून एवढंच म्हणाली, "ताईंनी तार केली होती, साहेब. पोचली नसंल. त्यांना काही बोलू नका."

मी ते लिहून घेतलं. शब्दन् शब्द. हात थरथरला नाही — थरथरला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षीपासून जागा बघायला मीच जाऊ लागले. मोरपंखी साडी नेसून. पाँडिचेरीला पहिल्यांदा समुद्रात पाय बुडवला, बोट ओलं करून जिभेवर ठेवलं. चव ओळखीची होती. मंगलचं महिन्यातच लग्न लावून दिलं, असं ऐकलं. ती पुन्हा कुठं नोकरीला लागली नाही.

ते पत्र अजून माझ्याकडे आहे. शाकाहारी किती, एवढंच विचारलंय त्यात. यादी मीच टाइप केली होती, आकडा मला पाठ होता. तेवीस. आप्पांना धरून.