न उघडलेली फाइल

मोरेश्वर चिंचाळकर, वकील आणि राज्याचे माजी कायदामंत्री, यांचे गेल्या महिन्यात दीक्षितपुऱ्यातील राहत्या घरी निधन झाले. सकाळी साडेसहाला काकूंचा फोन आला. "तुझे काका गेले रे… छापशील तर आधी वकील लिही, मंत्री नंतर." मी त्यांचा पुतण्या, पेशाने कोर्टाचा बातमीदार.

मंत्री होण्याआधी काकांनी कुंडमजवळच्या एका गावाची वकिली केली होती. गावाची कसती शेते सरकार जंगलाची म्हणत होते. गाव जिंकले. काका मंत्री झाले, तेव्हा गावातला सुमेर घरी आला. "वकील साहब, अब तो आप ही सरकार हो गए. हम किसके पास जाएँ?" काका म्हणाले, "मेरे ही पास आना."

काही महिन्यांनी त्याच निकालाची फाइल त्यांच्या टेबलावर आली. अपील करायचे की नाही, हे त्यांनी ठरवायचे होते. एका सहीने शेते वाचली असती. त्यांनी फाइलीची नाडी सोडली नाही. वर लिहिले, 'मी या गावाचा वकील होतो. निर्णय दुसऱ्याने घ्यावा.' दुसऱ्याने अपिलाचा निर्णय घेतला. त्याच आठवड्यात काकांनी राजीनामा दिला.

"गाडी गेली, बंगला गेला. आता कोर्टात पायी जाता का?" काकूंनी विचारले.

"काहून नाही? पाय तर मंत्री व्हायच्या आधीचेच आहेत!"

कार्यकर्त्यांनी दारावर लावलेली 'कायदामंत्री' ही लाकडी पाटी त्यांनी स्वतः काढली, उलटी केली, मागच्या बाजूवर 'वकील' रंगवून घेतले आणि परत ठोकली.

अपिलाच्या सुनावणीत काका पुन्हा गावाकडून उभे राहिले, तेव्हा सरकारी वकिलांनी हरकत घेतली, की यांनी मंत्री असताना सरकारची फाइल वाचली आहे, यांना उभे राहू देऊ नये. न्यायमूर्तींनी फाइल मागवली. वरचा शेरा वाचला, ती आली त्याच दुपारी परत गेल्याची नोंद पाहिली आणि हरकत फेटाळली. पुढे अपीलही फेटाळले गेले. मी पत्रकारांच्या बाकावर होतो. त्या दिवशीच्या बातमीत मी आमचे नाते लिहिले नाही. आज लिहितो.

तेराव्याला सुमेर त्याच शेतातले कोदो धान्य घेऊन आला. काकू पाटी उतरवायला निघाल्या होत्या.

"रहने दो, भाभी," तो म्हणाला. "गाँव से कोई आएगा तो घर कैसे पहचानेगा?"

पाटी दारावर आहे.