परत आलेल्या सिनेमांचे मास्तर

सिनेमा संपला की मास्तर प्रोजेक्टर तसाच सोडून दाराशी जाऊन उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "काय दिसलं?" कसा वाटला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "कसा वाटला म्हटलं का मानूस खोटं बोलते, बाबू," असं त्यांचं म्हणणं.

भंडाऱ्यात ते आमच्या समोरच राहायचे, एका शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळेचा प्रोजेक्टर त्यांच्याच ताब्यात. सत्तरचं दशक संपता संपता त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. कुणी कुणी पदरमोड करून केलेले, महोत्सवांनी नाकारलेले छोटे सिनेमे ते पत्रं लिहून मागवू लागले. डबा एसटीच्या पार्सलने यायचा. मग रविवारी दुपारी आंधळगावच्या एका राईस मिलच्या गोदामात, खिडक्यांना पोती लावून खेळ. आधी नकाराचं पत्र मोठ्याने वाचायचं, मग सिनेमा लावायचा, हा नियम. "वापस आलं म्हनून खराब नाई होत," एवढं बोलून ते प्रोजेक्टरचा दिवा लावत.

लोक जे सांगतील ते पोस्टकार्डावर लिहून सिनेमा करणाऱ्याला पाठवायचं. माझं अक्षर बरं, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. 'बैल उपाशी दिसला' असं एकाने सांगितलं तेव्हा मी हसलो, तर मास्तर चिडले. "लिहा ना. त्यानं पाह्यलं हाय."

त्यांचा स्वतःचाही एक सिनेमा होता. बारा मिनिटांचा, मुका. कोंढा गावच्या शेतात धानाची रोवणी करणाऱ्या त्यांच्या आईचा. तोही परत आलेला. तो मात्र ते कधी लावत नसत. त्यांची आई जाऊन वर्ष झालं तेव्हा मी तोंडावर विचारलं, "मास्तर, दुसऱ्यांची पत्रं खणखणीत वाचता, आपलं वाचायले काहून भेता?"

पुढच्या रविवारी त्यांनी ते पत्र वाचलं, सिनेमा लावला. संपल्यावर दाराशी मात्र गेले नाहीत, रीळ गुंडाळत बसले. दाराशी मी उभा राहिलो.

कुणाला चिखल दिसला, कुणाला पाणी. रोवणीला जाणारी एक म्हातारी थांबली. म्हणाली, "बुडी बाई थकून होती. कंबर धरून उभी राह्यते, इकडं पाह्यते, अन् अखीन वाकते. कोन वाकवून राहिलं तिले?"

मास्तरांनी ऐकलं होतं. "मीच," ते म्हणाले. "उजेड बेस होता. अखीन एक डाव, माय, म्हनत गेलो."

मला फार वाईट वाटलं. त्यांनी कार्ड पुढे केलं. "लिहा. जसं बोलली तसं." पत्ता विचारला, तर स्वतःचाच सांगितला. सोमवारी मी ते पेटीत टाकलं, बुधवारी पोस्टमनने समोरच्या घरी दिलं.

त्यानंतरही काही वर्षं खेळ चालले. मास्तर गेल्यावर त्यांच्या बायकोने, वहिनींनी, त्या सिनेमाचा डबा माझ्याकडे आणून दिला. रिळावर महोत्सवाचं पत्र होतं आणि त्याखाली माझ्या अक्षरातलं कार्ड. कार्डाच्या उरलेल्या जागेत मास्तरांनी पेन्सिलीने शेताचा धुरा, म्हणजे बांध, काढला होता, आणि धुऱ्यावर पाय पसरून बसलेली आई.