दाताखालचा दगड

आमच्या उलव्याच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधल्या बाई दगड चावतात. चोरून नाही, भर लिफ्टमध्ये! दगडाचा कण पुढच्या दातांवर घासायचा, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचं, "कचकचतोय, म्हणजे गाळ." गुळगुळीत लागला तर चिकणमाती. मग ओठ पुसून "गुड मॉर्निंग".

बाई भूवैज्ञानिक; अंदमानकडचे खडक त्यांचं काम. तिथे समुद्रात ज्वालामुखींची रांग आहे. "अहो, स्फोट झाला की राख सगळीकडे एकदमच पडते ना? मग दोन बेटांवरच्या गाळात तीच राख सापडली, की ते थर एकाच वयाचे. सिंपल!" हे त्या भाजीवाल्यालाही सांगतात. तो घाबरून कोथिंबीर जास्त घालतो.

पण त्यांच्या दोन बेटांवरचे थर काही जुळेनात. सोबतचे संशोधक म्हणायला लागले, नाद सोडा. तेव्हा बाई लिफ्टमध्ये दगड बाहेरच काढायच्या नाहीत आणि मलाच करमायचं नाही.

काल सकाळी बेल वाजली ती थांबेचना. दारात बाई, एकाच पायात चप्पल, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"लॅबचा रिपोर्ट आला! राखेतल्या स्फटिकांचं वय सेम! दोन्ही बेटांवर सेम!"

मला धरून त्यांनी पॅसेजमध्येच गिरकी घेतली. माझ्या हातातलं उलथनंही फिरलं. मग त्यांनी पेढा पुढे केला. मी तो आधी पुढच्या दातांवर घासला आणि डोळे मिटले.

"कचकचतोय," मी म्हणाले.

"गाळ!" बाई किंचाळल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.