लाल ठशावरचं हळदीकुंकू

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. धुळ्यातल्या एका चित्रकला विद्यालयात मी शेवटच्या वर्षाला होते. आबांची, म्हणजे वडिलांची, अट सरळ होती. नापास झालीस की शिक्षण बंद आणि लग्न.

सरांनी जपानी लाकडी ठशांचं पुस्तक दाखवलं. समुद्र, डोंगर, नटलेल्या बाया, सगळं पाहून झालं. मी अडकले एका पानावर. अख्खं चित्र नुसतं लाल. दाढीवाला, डोळे वटारलेला देव. घरात पोराला देवी आल्या की तिकडे हे चित्र उशाशी लावायचे. लाल रंगाला तो रोग भितो म्हणे. पोर बरं झालं की चित्र जाळायचे, नाहीतर नदीत सोडायचे. अगं बाई, म्हटलं, हे तर आपलंच! माझ्या आईच्या तोंडभर देवीचे वण होते.

मग परीक्षेसाठी मी आंब्याच्या फळीवर शितळादेवी कोरली. गाढव, झाडू, डोक्यावर सूप. शाई एकच, लाल. कागदावर ठसा उमटवला आणि वाळवायला गावी नेला, तर नेमकी शितळा सप्तमी! सकाळी पाहते तो चित्र भिंतीला टेकवलेलं, देवीच्या कपाळावर हळदीकुंकू, पुढ्यात आदल्या दिवशीचा दहीभात. मी ओरडणारच होते. पण आई हात जोडून उभी होती.

धुळ्याला परतल्यावर चित्र पाहून सर म्हणाले, "सगळी घाण केलीस. फळी आहे ना? दुसरा काढ."

"नाही काढणार."

"काय?"

"सर, तुम्ही दाखवलेलं चित्रही पूजेचंच होतं. त्याला कोणी घाण म्हणालं नाही. माझं चित्र कामी आलंय."

"फार शहाणी लागून गेलीस!"

"आहेच मुळी."

तेच चित्र दिलं. हट्ट म्हणा, माज म्हणा, मला आजही त्याची लाज वाटत नाही. त्या विषयात नापास झाले.

निकाल बघून आबा म्हणाले, "बस्स झाली थेरं. पाहुण्यांना निरोप धाडतो." मी मान खाली घातली. अट मीच कबूल केली होती.

आई भाकरी थापत होती, ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली. आबांपुढे तिचा आवाज चढलेला मी जन्मात ऐकला नव्हता.

"कुंकू मी लावं," ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "मंग नापास मी व्हयनू. पोर परत परीक्षाले बसी."